अक्काला घेऊन अंताल्याला, तेही फेब्रुवारीत

फेब्रुवारीत समुद्रकाठच्या हॉटेलात सात दिवस राहायला जाणार म्हटल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये सगळे हसले. तिकडं तेव्हा थंडी असते, पाऊस असतो, पोहता येत नाही, मग समुद्र काय लांबून बघणार का, असं गणिताच्या सरांनी विचारलं. मी म्हणाले, हो, लांबूनच बघणार. उन्हाळ्यात ज्या खोलीला चारपट दर असतो ती आम्हाला मिळणार होती. शिवाय ज्या कामासाठी मी निघाले होते, त्याला पोहण्याची गरज नव्हती.

आधी आमची ओळख करून देते. मी बिदर जिल्ह्यातल्या चिटगुप्प्याच्या हायस्कूलमध्ये मराठी आणि समाजविज्ञान शिकवते. मुलगी पल्लवी तीन वर्षांपासून जर्मनीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिकडचे लोक हिवाळा टाळायला तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, अंताल्याला जातात. एकदा पैसे भरले की खोली, तिन्ही वेळचं जेवण, मधला चहा, केक, सगळं त्यातच. पल्लवीनं फोनवर सांगितलं, "आई, मी इकडून येते, तू तिकडून ये. आणि मावशीला घेऊन ये."

मावशी म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही तिला अक्का म्हणतो, ती मला सुशे म्हणते. आमचं माहेर मेंढरावाल्यांचं. वडलांच्या पिढीपर्यंत मेंढरं घेऊन फिरणं होतं, नंतर शेती आली. अक्काला दुबलगुंडीत दिलं. दाजी जाऊन दीड वर्ष झालं होतं. तिचा एकुलता मुलगा प्रकाश पुण्याला कंपनीत आहे, आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये अक्का पंधरा दिवसांवर राहत नाही. तेव्हा प्रकाशनं आणि मी मिळून ठरवलं होतं: पाडव्यापासून शेत बटईनं द्यायचं, दोन गायी विकायच्या, घराला कुलूप घालायचं आणि अक्कानं माझ्याकडं चिटगुप्प्याला यायचं. मी माडीवर तिच्यासाठी खोलीसुद्धा बांधून घेतली होती, संडास-बाथरूम जोडून.

राहिलं होतं ते अक्काचं 'हो'. ती काहीच बोलत नव्हती. पण मला खात्री होती. सात दिवस गायींपासून, शेतापासून लांब, माझ्याजवळ एका खोलीत राहिली की ती तयार होणार. प्रकाशला मी सांगूनच टाकलं, "तू काळजी करू नको, आणते मी तिला." सव्वीस वर्षं वर्ग सांभाळलेत. माणसं माझं ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

पासपोर्टाचं एक सांगते, कारण तुमच्याही घरात ही अडचण येईल. अक्काकडं जन्माचा दाखला नव्हता. चौथीपर्यंतच्या शाळेचा दाखला मिळाला, त्यावर एक जून. आमच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. तो दाखला चालला. पोलीस चौकशीला आला तेव्हा त्यानं विचारलं, "अज्जी, तुर्कस्तानला कामून जायलाव?" अक्का म्हणाली, "भनीला इचार." व्हिसाचे कागद एजंटामार्फत पाठवले, तीन आठवड्यांत आले.

मन्नाएखेळ्ळीला हायवेवर उभं राहिलं की हैदराबादची बस मिळते. गायी शेजारच्या शरणव्वाकडं सोपवून अक्का आली, ती एक पिशवी घेऊन. पिशवीत दोन लुगडी, शाल, कडक भाकरीची चवड आणि कारळ्याची चटणी. माझ्याकडं दोन सुटकेस. तिच्या पिशवीकडं बघून मला जरा दया आली. परत येताना माझ्या सुटकेसमधले निम्मे कपडे घडी न मोडता परत आले, हेही लिहून ठेवते. हैदराबादहून विमान, आखातात एक बदल, इस्तंबूलला दुसरा. स्वेटर सुटकेसमध्ये घालू नका, हातात ठेवा. इस्तंबूलच्या विमानतळावर आम्ही दोघी एका शालीत बसलो होतो.

अंताल्याच्या विमानतळावर पल्लवी उभी होती. अक्कानं तिच्या गालावरून हात फिरवला आणि पहिलं वाक्य बोलली, "वाळलीस गे."

हॉटेलकडं जाताना एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला तोरोस डोंगर, माथ्यावर बर्फ. रस्त्याच्या कडेला शोभेची झाडं असावीत तशी संत्र्याची झाडं होती, फळांनी लगडलेली, आणि कोणी तोडत नव्हतं. हवा म्हणाल तर आमच्या बिदरच्या डिसेंबरातल्या सकाळीसारखी. ऊन पडलं की छान, ढग आला की शाल.

हॉटेल सात मजली. हंगाम नसल्यामुळं वरचे तीन मजले बंद, तीनपैकी एकच जेवणघर चालू, बाहेरचा मोठा तलाव रिकामा आणि त्यात रंगारी उतरलेले. पाण्याच्या घसरगुंड्या कोरड्या. समुद्रकाठच्या लाकडी खुर्च्या ताडपत्रीखाली रचून ठेवलेल्या. हे वाचून कोणी नाराज होऊ नका. दोनशे खुर्च्या मांडलेला किनारा मी फोटोत पाहिला होता. त्यापेक्षा हा मोकळा मला जास्त आवडला. पाहुणे बहुतेक म्हातारे जर्मन, काही तर अख्खा हिवाळा तिथंच काढणारे. सगळ्यांच्या मनगटाला प्लास्टिकची पट्टी. ती असली की काहीही घ्या, कोणी विचारत नाही.

जेवणघरात मसुरीचं सूप, भात, वांग्याचे सहा प्रकार, काकडी-टोमॅटो, दही, पांढरं चीज, जैतुनाची फळं, मटण. शाकाहारी माणूस उपाशी राहणार नाही, फक्त तिखट घरून न्या. अक्का ताट हातात घेऊन त्या लांबलचक टेबलांच्या कडेनं एक पूर्ण फेरी मारून आली आणि ताट रिकामंच.

"घे की काहीतरी," मी म्हणाले.

"वाढनारं कोन हाय?"

"आपलं आपण घ्यायचं, मावशी," पल्लवी म्हणाली. "पाहिजे तेवढं."

अक्कानं भात घेतला, दही घेतलं. मग शेजारच्या टेबलावरून अर्धी भरलेली ताटं उचलून नेणाऱ्या माणसाकडं ती बराच वेळ बघत राहिली. "ते कुठं टाकायलेत?" तिनं विचारलं. पल्लवीला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किनाऱ्यावर गेले. वाळू नाही, गोटे आहेत, चप्पल घालून जा. साडी वर खोचून मी पाण्यात शिरले आणि दोन मिनिटांत पाय बधिर होऊन बाहेर आले. समुद्रात जाऊन आले हे मात्र खरं, आणि गणिताच्या सरांना मी ते सांगितलं. अक्का काठावर बसली होती. पाणी कसं आहे, आवडलं का, विचारलं. "चांगलं हाय," म्हणाली. "ह्याचं काय करत्यात?"

ती पुढं निघून गेली. मी मागून खोलीवर आले तर तिनं दोन्ही पलंगांच्या चादरी घडी घालून ठेवल्या होत्या, न्हाणीघर घासलं होतं आणि टॉवेल धुऊन बाल्कनीच्या कठड्यावर वाळत टाकले होते. खालून फोन आला की कृपया कठड्यावर कपडे टाकू नयेत. साफसफाईची बाई आली, तिनं आवरलेली खोली बघितली, अक्काकडं बघितलं आणि घाबरली. आपल्या कामाबद्दल तक्रार आहे असं तिला वाटलं असावं. पल्लवीनं समजूत घातली. मी अक्काला रागावले. "आराम करायला आणलंय तुला. हातपाय हलवू नको."

त्या संध्याकाळी चहा पिताना मी विषय काढला. कंबर आवळलेल्या काचेच्या छोट्या पेल्यांत बिनदुधाचा चहा येत होता, आपण नको म्हणेपर्यंत. मी माडीवरच्या खोलीचं वर्णन केलं. पायऱ्या कमी उंचीच्या केल्यात, गरम पाण्याची सोय आहे, पूर्वेला मोठी खिडकी आहे, स्वयंपाकाला बाई आहे, तुला काही करावं लागणार नाही.

अक्कानं ऐकून घेतलं. "खिडकी हाय ते बरं झालं," म्हणाली.

मला तेवढं पुरलं. पल्लवीच्या फोनवरून मी प्रकाशला मेसेज केला: आई तयार आहे. आणि त्या दिवशी मी फार समाधानानं जेवले.

तिसऱ्या दिवशी अक्का सकाळपासून दिसेना. आम्ही दोघींनी किनारा बघितला, बाग बघितली, लिफ्टनं बंद मजल्यांपर्यंत जाऊन आलो. ती जेवणघरामागच्या काचेच्या ओसरीत सापडली. तिथं एक बाई जमिनीवर बसून गोझ्लेमे नावाची पातळ रोटी करते. डोक्याला रुमाल, खाली घोळदार सलवार, पुढं बुटका गोल पाट आणि बोटाएवढं जाड, हातभर लांब लाटणं. लाटलेली रोटी उलट्या कढईसारख्या तव्यावर पडते. पाहुणे उभ्यानं खातात, फोटो काढतात. अक्का फोटो काढत नव्हती. ती पाटाच्या पलीकडं मांडी घालून बसली होती आणि कणकेचे गोळे करून देत होती.

त्या बाईचं नाव हतिजे. नवऱ्याबरोबर काही वर्षं जर्मनीत राहून आलेली, त्यामुळं पल्लवीशी ती जर्मनमध्ये बोलू लागली. पण पल्लवी यायच्या आधीच या दोघींचं बरंच बोलणं झालं होतं. कसं, म्हणाल तर आमच्याकडची दखनी उर्दू. घरात मराठी, बाजारात कानडी आणि मुसलमान शेजाऱ्यांशी दखनी, हे आमच्या भागात सगळ्यांना येतं. तुर्कीत चहाला चायच म्हणतात, साबणाला साबुन, आठवड्याला हफ्ता, हवेला हवा, जगाला दुन्या. अक्कानं एक शब्द टाकायचा, हतिजेनं मान हलवायची.

"ही मला आबला म्हनायली," अक्का म्हणाली. "म्हंजी काय गे?"

"थोरली बहीण," पल्लवी म्हणाली. "अक्काच."

अक्कानं एक गोळा लाटायला घेतला. ते बारीक लाटणं तिला पहिल्यांदा जमलं नाही, रोटी एका बाजूला जाड झाली. हतिजेनं तिच्या हातावर हात ठेवून दाखवलं. तिसरी रोटी गोल झाली. तेवढ्यात कोट घातलेले एक व्यवस्थापक आले. अगदी अदबीनं वाकून ते हतिजेशी काहीतरी बोलले, मग आमच्याकडं वळून हसले आणि अक्काला उठायला हात पुढं केला. त्यांच्या बोलण्यात एक शब्द दोनदा आला, तो अक्कानं उचलला.

"मुसाफिर म्हनले का ते मला?"

पल्लवीनं हतिजेला विचारून सांगितलं, मिसाफिर म्हणजे त्यांच्यात पाहुणा. पाहुण्यानं काम केलेलं इथं चालत नाही, तुम्ही आरामात बसा, तुम्हाला काय पाहिजे ते आणून देतो, असं ते म्हणतायत. अक्का उठली. हाताचं पीठ झटकलं, लुगड्याला न पुसता तसंच वाळू दिलं. दिवसभर ती फारसं बोलली नाही. प्रवासाचा शीण असेल, असं मी धरलं.

चौथा दिवस पावसाचा. हिवाळ्यात जाणार असाल तर असा एक दिवस जाणारच, पत्ते न्या. पाचव्या दिवशी हतिजेची सुटी होती आणि तिनं आम्हाला तिच्या गावी बोलावलं होतं. हॉटेलच्या गाड्या सहलीला न्यायला भरपूर पैसे घेतात. त्याऐवजी मोठ्या रस्त्यावर उभं राहा, दोल्मुश नावाची छोटी गाडी येते, आपल्या ट्रॅक्स जीपसारखी. माणसं भरत भरत जाते. मागच्यानं पैसे पुढच्याच्या हातात द्यायचे, पुढच्यानं त्याच्या पुढच्याच्या, असे ते ड्रायव्हरपर्यंत पोचतात आणि सुटे परत येतात. अक्काला हे फार आवडलं. स्वतःहून तिनं चार जणांचे पैसे पुढं दिले.

गाव डोंगराच्या पायथ्याला. लाल कौलं, संत्र्याच्या बागा, वर बर्फ. हतिजेचं माहेर मेंढपाळांचं, उन्हाळ्यात मेंढरं वर डोंगरावर न्यायची, थंडीत खाली आणायची. हे ऐकल्यावर अक्का घरात शिरायच्या आधी वाड्याकडं, म्हणजे मेंढरांच्या वाड्याकडं वळली. पन्नासेक मेंढरं होती. शेपट्या रुंद, चरबीच्या, आमच्याकडं तसली नसतात. व्यायचे दिवस होते. एका कोपऱ्यात हतिजेचा नवरा एका मेंढीशी झटत होता. कालच व्यालेली ती मेंढी पिलाला जवळ घेत नव्हती, पिलू आचळाला गेलं की लाथ मारत होती.

"पहिलारू हाय का?" अक्कानं मला विचारलं. मी पल्लवीला, पल्लवीनं हतिजेला. होय, पहिलंच वेत.

अक्कानं शाल माझ्या हातात दिली. लुगडं खोचलं, मेंढीला भिंतीशी नेऊन दोन्ही गुडघ्यांत धरलं, थोडं दूध काढलं आणि ते पिलाच्या पाठीला, शेपटीला आणि मेंढीच्या नाकाला लावलं. मग पिलाचं तोंड आचळाला. मेंढीनं लाथ झाडली, अक्कानं तिचा मागचा पाय धरून ठेवला. परत. परत. आम्ही आत जाऊन चहा प्यालो, मध खाल्ला, हतिजेच्या नातवंडांचे फोटो बघितले. बाहेर आलो तर अक्का तिथंच होती. मेंढी मोकळी उभी होती आणि पिलू पीत होतं. मेंढी त्याची शेपटी हुंगत होती.

हतिजेच्या नवऱ्यानं अक्काला बसायला पोतं टाकलं आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसला. कोणाची भाषा कोणाला येत नव्हती. अक्का एकेका मेंढीकडं बोट करायची, तो बोटांनी वय सांगायचा. मी सव्वीस वर्षं भूगोलाच्या नकाशात तुर्कस्तान दाखवत आले. त्या दोघांना नकाशाचं काही कामच नव्हतं.

परत आलो ते चारच्या सुमाराला. हॉटेलच्या दिवाणखान्यात बसलो आणि पल्लवीचा फोन वाजला. प्रकाश होता. त्यानं फोन मावशीला, म्हणजे मला, द्यायला सांगितलं. त्याचा आवाज मोठा आहे, फोन कानापासून लांब धरला तरी ऐकू येतं.

"मावशी, तुम्ही कळवलात, लई काम झालं. गायीला गिऱ्हाईक ठरवलो मी. रविवारी न्यायला यायलेत. आई यायच्या आत मोकळं झालं म्हंजी बरं."

अक्कानं पेला खाली ठेवला. "कुणाच्या गायी?"

मी फोन बंद केला. "अक्का, तूच त्या दिवशी बरं झालं म्हणालीस."

"खिडकी हाय ते बरं झालं म्हनले. येते म्हनले का मी?"

अक्का रागावली नव्हती, तेच अवघड होतं. ती सावकाश बोलत होती, कणकेचे गोळे करावेत तसं एकेक.

"हितं पाच दिस झाले, सुशे. हातरूण कोन घालतंय, ताट कोन उचलतंय, मला ठावं न्हाई. मानसं लई चांगली हाईत, काय बी बोलायला जागा न्हाई. पर त्या कोटवाल्यानं उठीवलं मला. मुसाफिर हाव म्हनला. तुझ्या माडीवर बी मी तेच की. मी झाडू घेतला तर तू काढून घेशील. घेशील का न्हाई?"

"घेईन," मी म्हणाले. खोटं बोलून उपयोग नव्हता. तिसऱ्याच दिवशी घेतला असता.

"मग? सात दिस असं ऱ्हायला बरं वाटतं. जलमभर कसं ऱ्हावं?"

पल्लवी उठून जायला लागली, अक्कानं तिला हातानं बसवलं. आणि मग माझ्याकडून ते निघून गेलं, जे मी इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते. म्हणाले, "तुझी शाळा माझ्यासाठी सुटली. तू मेंढरं राखलीस म्हणून मी शिकले. मला काहीतरी करू दे की तुझ्यासाठी."

अक्का हसायलाच लागली. "हे कोन सांगिटलं तुला?"

"आईनं."

"आई कायबी सांगायची. मास्तर मला हुडकत रानात यायचा आन् मी मेंढरांत लपून बसायची. चौथीला मीच दप्तर हिरीत टाकून आले. आईनं मारलं बी. तुला शाळा गोड लागली, मला मेंढरं. कुणी कुणासाठी काय सोडलं न्हाई. त्याच्यापायी माडी बांधलीस व्हय तू?"

असं काही ऐकल्यावर हलकं वाटायला पाहिजे. मला तसं वाटलं नाही. पहिल्यांदा राग आला, आईचा, अक्काचा, आणि मग एकदम रिकामं वाटलं. जे ओझं मी इतकी वर्षं मोठ्या अभिमानानं वाहत होते, ते माझं नव्हतंच. मी खोलीवर जाऊन तोंड धुतलं. आरशात माझं मला जरा हसूही आलं.

खाली आले तेव्हा अक्का पल्लवीला सांगत होती की वरचं शेत आता झेपत नाही, ते बटईला दिलं तरी चालेल, पण खालचा तुकडा आणि गायी राहू देत. म्हणजे तिनं सगळा विचार कधीच केला होता. तिला कोणी विचारलं नव्हतं एवढंच. मी प्रकाशला फोन लावला.

"गिऱ्हाईकाला नको म्हणून सांग," मी म्हणाले. "चूक माझी आहे. ती तयार नाही, मी तिला न विचारता कळवलं."

तो म्हणाला, "मावशी, ती पडली, काय झालं, तर कोन हाय तिथं?"

त्याचा प्रश्न खोटा नव्हता. "शरणव्वाला तिच्याकडं झोपायला सांगू. तुझ्या आईला मोबाईल घेऊ. आणि वरचं शेत ती स्वतःच बटईला देणार आहे, कोणाला द्यायचं ते तिला ठरवू दे. राहिलं आजारपण. त्या दिवशी आपण दोघं आहोतच. पण तो दिवस यायच्या आधीच तिला उचलून आणायचं नाही."

मुलांशी बोलते तसं बोलले मी त्याच्याशी. यावेळी निदान जिची बाजू मांडत होते तिचं आधी ऐकलेलं होतं. शेवटी तो म्हणाला, "ठीक हाय. आईला द्या." ती दोघं बराच वेळ बोलली, मुख्यतः कडब्याबद्दल.

उरलेले दोन दिवस कसे गेले ते थोडक्यात. अंताल्याचा जुना भाग बघितला, दगडी गल्ल्या, खाली लहानसं बंदर. अर्धा दिवस पुरतो, चढउतार आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यावी. अक्कानं शरणव्वासाठी रंगीत रुमाल घेतला. सातव्या दिवशी सकाळी हतिजे निरोप द्यायला आली. अक्कानं उरलेली कारळ्याची चटणी तिला दिली, तिनं एक चिमूट जिभेवर ठेवली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तरी डबा परत दिला नाही. पल्लवी विमानतळावर मला मिठी मारून म्हणाली, "आई, तू चूक कबूल केलीस, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं." मी म्हणाले, लिहून ठेव.

कोणाला जायचं असेल तर माझं मत असं. नक्की जा, आणि हंगाम सोडूनच जा. गर्दी नसते, माणसं दोन शब्द बोलायला मोकळी असतात. सात दिवस पुरे. हॉटेलात सगळं मिळतं म्हणून हॉटेलातच बसू नका. आणि ज्याला बरोबर नेणार असाल, त्याला तिथं काय बघायचं आहे ते आधी विचारा.

इथपर्यंत लिहून मी हे संपवणार होते. पण मे महिन्यात आणखी एक गोष्ट झाली. सुटीत मी चार दिवस दुबलगुंडीला गेले. दाजी असताना मी तिथं सकाळी जाऊन संध्याकाळी परतायची, मुक्काम असा कधी केलाच नव्हता. अक्कानं पहिल्या दिवशी मला तुरीची डाळ पाखडायला बसवलं. दोघी ओसरीत बसलो होतो. ती मध्येच म्हणाली, "आता माडीवर कोन ऱ्हातंय?"

"कोणी नाही."

"आन् खाली?"

"मी. हे शनिवार-रविवार येतात." माझे यजमान गुलबर्ग्याला सरकारी कचेरीत आहेत, आठवडाभर तिथंच खोली घेऊन राहतात.

"सैपाकाला बाई हाय म्हनली व्हतीस."

"तू येणार म्हणून ठरवली होती. एकटीसाठी कशाला?"

"मग खातीस काय सांजच्याला?"

"काहीतरी. दूध-पोहे."

अक्काचं सूप थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, डाळीतला एक खडा काढून अंगणात टाकला. "मला कामून न्यायली व्हतीस ते आत्ता कळालं," ती म्हणाली. "आधीच सांगायचं न्हाई का तसं."

मी खाली मान घालून डाळ पाखडत राहिले. पल्लवी गेल्यापासून चिटगुप्प्याच्या घरात संध्याकाळी सात वाजता मी टीव्ही लावते तो ऐकायला नव्हे, आवाज असावा म्हणून, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही.

"बुधवारचं येत जा की," अक्का म्हणाली. "शाळा सुटल्यावर गाडी असतीया."

तर आता बुधवारी शाळा सुटली की मी निघते. चिटगुप्प्याहून हुमनाबादला बस मिळायला अडचण येत नाही. तिथून दुबलगुंडीची गाडी भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून पुढं ड्रायव्हरशेजारची जागा धरावी, मागं धूळ फार येते. अंधार पडायच्या आत पोचते. गुरुवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालं तर प्रार्थनेला शाळेत हजर राहता येतं. सामान न्यावं लागत नाही, माझ्या दोन साड्या तिथंच असतात.